तसआगांचं नाव

आमच्या शेजारचे तसआगा तेलविहिरींवरचे निवृत्त वेल्डर. पूर्ण नाव तस्तेमीर, म्हणजे आमच्या भाषेत दगड आणि लोखंड. मन मात्र लोण्याचं. गेल्या हिवाळ्यात त्यांची थोरली बहीण गेली आणि त्यांना नुसत्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. आम्ही धाकटे मानाने 'आगा' लावतो. बायको उलमेकेनने तर चाळीस वर्षांत नाव घेतलं नव्हतं. नवऱ्याच्या नावात दगड, म्हणून ती दगडाला 'कडक' म्हणते. पुलावात दाताखाली खडा आला तरी "कडक लागलं" एवढंच.

ही बाब आगांना फार लागली होती. एकदा तरी तिच्या तोंडून नाव ऐकायचं, असं ते मला दहा वेळा म्हणाले असतील.

वसंतात आम्ही चार जोडपी गाडी करून तोरिशला गेलो. तिथे माणसाहून उंच, गोल गरगरीत दगड माळभर पसरलेले. आगांना आयतंच फावलं.

"हे काय गं?"

"कडक."

"आणि ते पलीकडचं?"

"गोल कडक. कळतंय मला, काय चाललंय तुमचं."

"एकदा म्हण की. मेलो तर राहून जाईल."

"काहीतरीच बोलू नका. तळलेले बावरसाक खा, गार होतायत."

जेवण झालं आणि वारा सुटला. धुळीने दहा पावलांवरचं दिसेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, तर आगा गायब.

"अहो!" उलमेकेनने हाक मारली. आम्ही उरलेले तिन्ही म्हातारे सवयीने एकदम म्हणालो, "काय गं?" आमच्या बायकांनी आमच्याकडे जे पाहिलं ते सांगण्यासारखं नाही.

उलमेकेन मात्र पांढरीफटक पडली होती. तिने तोंडावरचा रुमाल ओढून काढला.

"तस्तेमीर!"

आम्ही संकोचून खाली पाहायला लागलो. तिने पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा तिचा आवाज फाटला, तेव्हा जवळच्याच दगडामागून आगा बाहेर आले.

"ऐकू येत नव्हतं?"

"पहिलीच हाक आली होती."

"मग?"

"लोभ सुटला गं."

तिने रुमालाने त्यांच्या पाठीत चांगले दोन रट्टे दिले आणि मग रडली. मलाही राग आला होता. ही काय थट्टा झाली?

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. बऱ्याच वेळाने उलमेकेन आपणहून, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "तस्तेमीर, खिडकी लावा, धूळ येतेय."

आगांनी खिडकी लावली आणि घर येईपर्यंत तोंड तिकडेच ठेवलं.