शबरीच्या आख्यानासाठी संगणक

दुपारी कीर्तनकार शरयूताई संगणकांच्या माहितीपत्रकावरच डोकं टेकतात. परवा घशाची शस्त्रक्रिया. पुढे आवाज उरेल, असं डॉक्टर काही छातीठोक सांगत नाहीत. आणि गुरू त्र्यंबकबुवांनी तोंडीच दिलेलं शबरीचं आख्यान आता त्यांच्याशिवाय कुणालाच येत नाही. रोज रेकॉर्डिंगला बसतात; रीतीप्रमाणे आधी नमन, पूर्वरंग, ते होईतो गळा बसतो, आख्यान राहतंच. जुन्या संगणकाच्या पंख्याची घरघर ती वेगळीच. नवा कुठला, ते आज पाचपर्यंत दुकानात कळवायचंय.

डोळा लागतो न लागतो, तोच त्या दुकानात उभ्या. काउंटरपाशी त्र्यंबकबुवा. जाऊन अकरा वर्षं झाली, पण उपरण्याची घडी तश्शीच.

"बुवा, तुम्ही?"

"तुझं नमन ऐकून ऐकून कान किटले गं. माझी शबरी कुठं अडकलीय?"

"हा मोठा घ्या," दुकानदार चौगुले म्हणतात. "रॅम भरपूर, प्रोसेसर दणकट."

बुवा त्या संगणकाला कान लावतात. "हा सारखा पुटपुटतोय. स्वतःच बोलणारा ऐकणार कधी?" मग कोपऱ्यातल्या वहीएवढ्या, बिनपंख्याच्या संगणकापाशी वाकतात. बराच वेळ. "हा खरा श्रोता. हा घे."

"त्याची ताकद कमी पडेल, बुवा."

"एक गळा नि एक पेटी. त्याला हत्ती कशाला जुंपतेस?"

पायाखालची फरशी गार लागते. मारुतीच्या देवळाचा सभामंडप. सतरंजीवर चिटपाखरू नाही. शरयूताई तोंड उघडतात. आवाज फुटत नाही. त्या बुवांचे पायच धरतात. कशीबशी कुजबुज निघते.

"एवढं विश्वासानं दिलंत, आणि ते माझ्याबरोबर मुकं होणार हो!"

"मग आख्यानच घे."

"नमनाशिवाय? पूर्वरंगाशिवाय? तुम्हीच मला हाताला धरून खाली बसवलं असतंत!"

"नमन मी केलंय. पूर्वरंगही झाला. ऊठ." पूर्वरंग संपल्यावर कीर्तनकाराला लावतात तसा बुवा त्यांच्या कपाळाला बुक्का लावतात, अंगठा दाबून. "रडू नकोस. शबरी वाट बघायला कंटाळली नव्हती."

घड्याळात चार. माहितीपत्रक घामानं ओलं. शरयूताई फोन लावतात.

"चौगुले, तो लहान. बिनपंख्याचा. आत्ताच्या आत्ता पाठवा."

घाम पुसायला हात कपाळाकडे जातो. बोटं काळी होतात, सुवास दरवळतो. बुक्क्याची डबी तर सहा महिने कपाटात बंद आहे.

संगणक येईतो त्या कपाळ पुसत नाहीत. मग रेकॉर्डिंग लावून, पेटी पुढ्यात ओढून थेट आख्यानाचा सूर धरतात. बुक्का लागलाय, म्हणजे पूर्वरंग झालेला आहे.