मनोरचं घर

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. नवऱ्यावर संशय घ्यायला मात्र मला फार वेळ लागत नाही... हे आधीच सांगितलेलं बरं.

नव्वदच्या दशकात आम्ही मस्कतला होतो. फ्लॅट वादी कबीरला आणि यांचं ऑफिस कुरुमला. आर्किटेक्टकडे इमारतींची छोटी मॉडेलं बनवायचे हे – पुठ्ठा, ब्लेड, फेविकॉल.

एका शुक्रवारी जेवताना हे आपल्याशीच म्हणाले, "मनोरच्या घरात जिन्याखाली काय गारवा असायचा."

माझा घास हातातच राहिला. माझ्याआधी यांना सांगून आलेली मुलगी मनोरची होती – अहमदाबाद हायवेवरचं मनोर. ते काही जमलं नाही, पण सासूबाईंना अजून तिचं कौतुक.

"जाऊन आलात वाटतं तिथे?"

"पाडलं गं ते. खलास," हे म्हणाले आणि यांचे डोळे भरून आले. माझी आई गेली तेव्हाही एवढे भरले नव्हते. माझं तर अंगच पेटलं.

शनिवारी टॅक्सी करून मी थेट ऑफिसात धडकले. बघते तर काय, टेबलावर पुठ्ठ्याची एक इंग्रजी हवेली! एका म्हाताऱ्या ब्रिटिश मॅडमनी हे मॉडेल करायला दिलं होतं – त्यांचं इंग्लंडमधलं घर, त्यांच्या लहानपणीच पाडलेलं. उरला होता तो फक्त दर्शनी बाजूचा एक फोटो. त्याखाली इंग्रजीत 'मॅनर', म्हणजे हवेली, असं लिहिलेलं. स्पेलिंग आपल्या मनोरचंच, म्हणून हे मनोर म्हणत होते. मला हसू आवरेना, आणि हायसंही वाटलं.

तेवढ्यात मॅडम आल्या. यांनी मॉडेलचं छप्पर उचललं. आत खोल्या, जिना, जिन्याखाली एक लहानसा बाक. मॅडमनी त्या बाकावर बोट ठेवलं.

"तिथे मी आणि माझा भाऊ लपायचो. तुला कोणी सांगितलं?"

"तिथे गार असायचं, मॅडम," हे म्हणाले.

त्यांनी यांचा हात धरला. मग दोघं त्या घराबद्दल बोलत बसली, सख्खी भावंडं बोलतात तशी. मी पर्स धरून उभी. मला कुणी बस म्हटलं नाही. त्या बाईचा असा राग आला मला! यांच्या डोळ्यांतली ती माया माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

हे इंग्लंडला कधीच गेलेले नाहीत. कल्याण आणि मस्कत, बस्स. विचारलं की म्हणतात, "अंदाजाने केलं गं." फोटोत न दिसणाऱ्या खोल्यांचा अंदाज कसा येतो, ते मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही.

दोन हजार सालानंतर आम्ही परत आलो आणि कल्याणला स्वतःचा ब्लॉक घेतला. पडदे, टाइल्स, सगळं मी जीव ओतून निवडलं. पहिल्या दिवशी हे सगळ्या खोल्यांतून शांतपणे फिरून आले.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"छान आहे. घरासारखं नाही, पण छान आहे."

कुठल्या घरासारखं, ते मी विचारलं नाही.