मनगटाला फीत, टाचेला चिंधी

आमच्या कोकणात भुताखेतांच्या गोष्टींना तोटा नाही, पण मी त्यातला नव्हे. शाळा सातवीतच सुटली, तरी डोकं ताळ्यावर आहे. तरीही हे लिहितोय... कारण वय झालं आणि अजून उलगडा होत नाही.

बहात्तरचं दुष्काळी वर्ष. फौजेत भरती होऊन मी नगरजवळ भिंगारला होतो. घर इतकं लांब, की पत्राची आठ-आठ दिवस वाट बघायची. बरा पळतो म्हणून रोकडे उस्तादांनी मला मॅरेथॉनच्या ट्रायलला घेतलं. पहिले तिघं टीममध्ये — म्हणजे पळणं हीच ड्यूटी, वर दूध-अंडी. बाकीचे परत पलटणीत. उस्तादांचे उपकार मी कधी विसरणार नाही. म्हणूनच त्या दिवशी धाकधूक जास्त.

पुणे रस्त्यानं सुप्याच्या अलीकडपर्यंत जायचं. तिथं वळणावर उस्ताद स्वतः मनगटाला लाल फीत बांधणार, ती घेऊन परत यायचं. फीत नाही तर शर्यत नाही.

जातानाच, चासच्या पुढे माझी टाच सोलली. बुटात रक्त. रस्त्याकडेला दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या, तिथंच बसलो. एका म्हातारीनं पाणी पाजलं, लुगड्याची चिंधी फाडून टाचेला बांधली. मी नुसता बघत राहिलो — एकेक जण फीत बांधून माघारी चाललेला. माझ्या शेजारच्या खाटेवरचा लहानू, पारनेरकडचा, तोही गेला. सगळे गेल्यावर रडतच उठलो, लंगडत तिथूनच माघारी भिंगारकडे निघालो.

पुढचा रस्ता आठवत नाही. भिंगारला दोरीपाशी पोचलो तर ओरडा — "थर्ड! थर्ड!" लहानू माझ्या मागून आला. चौथा.

आणि माझ्या मनगटाला लाल फीत होती.

मी उस्तादांना गाठलं. "उस्ताद, मी वळणापर्यंत गेलोच नाही."

"ऊन लागलंय तुला. ह्या हातानं बांधली की! 'लवकर बांधा' म्हनून माझ्यावरच खेकसलास."

मग लहानूकडे गेलो. म्हटलं, टीममधली जागा तुझी आहे.

"येडा हायस का? फीत बांधून येताना कामरगावच्या चढाला मला मागं टाकलंस. वर 'बाजूक हो मरे' म्हनलास. मरे मंजी काय रं? शिवी हाय का?"

त्या ट्रायलला मालवणी बोलणारा मी एकटा...

दोन दिवसांनी परवानगी काढून त्या म्हातारीकडे गेलो. तिनं लांबूनच ओळखलं. "व्हय की, हितंच बसला हुतास. समदी माघारी गेली तरी उठंनास. टाच बरी हाय का लेकरा?" टाच दाखवली. चिंधी तिचीच होती.

लहानू पलटणीत परतला, महिन्याभरात लांब कुठंतरी बदली होऊन गेला. मी अकरा वर्षं पळालो. पळण्यावर घर उभं केलं, बहिणींची लग्नं केली. प्रत्येक शर्यतीत वळणावर मी थांबायचो, तिथल्या माणसाचं तोंड नीट बघून घ्यायचो. त्यात सेकंद जायचे, उस्ताद शिव्या घालायचे.

मला भ्रम झाला म्हणावं, तर म्हातारीलाही झाला? उस्ताद चुकले म्हणावं, तर लहानूही? मला काही कळत नाही.

पहिली मोठी शर्यत कुठली, असं कुणी विचारलं की मी दुसरीचं नाव सांगतो.