दुसरा अंक आणि इंजिनाचं हेड

वडशातल्या त्या मिस्त्रीने करंगळीचं नख मुद्दाम वाढवलं आहे. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या हेडला, म्हणजे वरच्या झाकणाला, ओरखडे पडले, की तो जाड काचेवर पॉलिश पेपर अंथरून त्यावर ते हेड गोल गोल घासतो. मधूनच त्यावरून नख फिरवतो. नख अडलं तर पुन्हा घासणं. सवयीने तो चहाच्या कपावरूनही नख फिरवतो, आणि अडलं तर कप परत पाठवतो.

परवा माझ्या व्हॅनचं हेड आणायला गेलो, तर दुकानात एक नाटक मंडळी अडकलेली. त्यांच्याही गाडीचं हेड दुरुस्तीला काढलेलं, आणि संध्याकाळी पुढच्या गावात प्रयोग.

"मिस्त्रीभाऊ, अजून किती वेळ?" खलनायकाने विचारलं.

"अल्मुनियम नरम राह्यते भाऊ, घाई केली का बिघडते," मिस्त्री घासत घासत म्हणाला. "तवर दुसरा अंक म्हणून पाहा ना. मले काई तिकडं येनं जमत नाई."

मंडळींनी सुरुवात केली. संवाद थांबला की याचाही हात थांबायचा, त्यामुळे कोणी थांबेना.

मी जवळ गेलो. कोपऱ्यातल्या पोत्याखालून मंडळींच्या तयार हेडची चकचकीत कड दिसत होती. हा घासत होता ते पिवळ्या खुणेचं हेड माझं होतं, आदल्याच दिवशी 'झालं, घेऊन जा' म्हणून सांगितलेलं.

मी बोलणार, तेवढ्यात नायिकेची रडण्याची जागा आली. मिस्त्रीने करंगळी ओठांवर ठेवली.

मी कोपऱ्यात गेलो आणि ती चकचकीत कड झाकून बसलो.