दोरीवरचं सातवं पान

सुक्या बोंबलाचा वास आला की मला ऐंशीच्या सुमाराचा शिरगावचा एक रविवार आठवतो. दर रविवारी मी पालघरहून तिथल्या मुलांसाठी गोष्टींच्या पुस्तकांची पिशवी घेऊन जायचे, पण पुस्तक घरी न्यायला कुणाला देत नसे. एका कोळ्याच्या मुलीने फारच हट्ट केला म्हणून तिला एक दिलं. पुढच्या रविवारी किनाऱ्यावर पाहते तर बोंबील वाळवायच्या दोरीवर त्याच पुस्तकाचे कागद सुटे लटकत होते. "फाडलंस? म्हणूनच तुम्हा लोकांना पुस्तक द्यायचं नसतं," मी तिच्या आईसमोरच ओरडले. "भिजलं बाय," मुलगी खाली बघत म्हणाली, "पानं चिकटली असती, म्हून पिना काढून वाळत टाकली. सांजच्याला परत लावते." तिच्यामागे पोरं दोरीखालून धावत होती, कारण कागद सुटे झाल्याने एक पान या टोकाला तर पुढचं त्या टोकाला गेलं होतं आणि हरवलेली गोष्ट शोधत सगळी मोठ्याने वाचत होती. माझ्या पिशवीभोवती ती अशी कधीच वाचत नसत. मला मान वर करवेना. तेवढ्यात एका चिमुरडीने माझा पदर ओढला. "बाय, जरा सरका. सातवं पान तुमच्या मागं हाय." मी सरकले. अजूनही तो वास आला की माझे पाय आपोआप बाजूला होतात.