हळू बोला, मासा झोपलाय!

मंडळी, आज डोकं फिरलंय. हॉस्पिटलातली नाईट करून सकाळी डोंबिवलीला घरी आले, अकराला कुठे डोळा लागला. तासाभरात सासूबाईंनी गदागदा हलवलं. "अगं ऊठ, नवीन मासा मेला वाटतं!"

धडपडत टाकीपाशी गेले. परवा आणलेला कॅटफिश तळाशी निपचित पडलेला, पण कल्ले हलत होते. म्हटलं, "आई, झोपलाय तो. हा रात्रभर फिरतो आणि दिवसा झोपतो."

"अगंबाई, रात्रभर जागा असतो बिचारा!" त्यांनी लगेच टाकीचा लाईट घालवला आणि सासऱ्यांना टीव्ही बंद करायला लावला.

अरे, तीन वर्षं मी नाईट करतेय! माझ्यासाठी तो टीव्ही एकदाही बंद झालेला नाही.

नाईटवाल्यांनो, तुम्ही घरी कसं झोपता? की मीपण टाकीतच अंथरूण घालू?