पाइपातला जवाई

"हवा म्हंजे जवाई हाये, मॅडम. सर्वात वरची खोली धरते, अन् उठाचं नावच नाही घेत."

पाइपाला तळहात लावून काका हे म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने गप्प राहायची खूण करायचे. माझ्यासाठी त्या खुणेची गरज नव्हती. मी तशीही कमीच बोलायचे.

तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर प्लंबर समजला असतात. निवृत्त होईपर्यंत भंडाऱ्यातल्या आमच्या रुग्णालयाचा गारवा त्यांच्या हातात होता. गच्चीवरचं यंत्र पाणी थंड करतं, पंप ते पाइपांतून मजल्यामजल्यावर फिरवतो. पाइपात हवा अडकली की पाणी अडतं आणि खोली तापते. इंजिनिअर मी होते, शिकवायचे ते. नवे पाइप भरताना नळ जेमतेम उघडत. "बांधीत पाणी घेतो तसं घ्याचं. घाई केली तं फेस होते." त्यांच्या घरी लाखांदूरला धानाची शेती होती; बांधी म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं धानाचं शेत.

एका मे महिन्यात वरच्या मजल्यावरची शस्त्रक्रियेची खोली तापली. खाली मोतीबिंदूचे बारा रुग्ण डोळ्यांत थेंब घालून बसले होते. दोनपर्यंत खोली गार झाली नाही, तर सगळे परत जाणार होते.

"पंप गेला," व्यवस्थापक म्हणाले. "नवा परवा येईल."

काकांनी पाइपाला हात लावला. "पंप बिचारा धकवून राहिला, साहेब. जवाई वर बसला हाये."

शिडी लावून त्यांनी नव्या खोट्या छताची एक फळी सरकवली आणि आत डोकं घातलं. सर्वात उंच जागी हवा बाहेर सोडणारा व्हेंट असतो. त्याखालचा कॉक, म्हणजे पाइपाची चावी, बंद होता.

"हे कोनं बंद केलं?"

"छतवाल्यांनी केलं असेल," व्यवस्थापक म्हणाले.

काही दिवसांपूर्वी व्हेंटमधून थेंब गळून नव्या छतावर डाग पडले होते, म्हणून व्यवस्थापक माझ्यावर ओरडले होते. त्याच संध्याकाळी कुणाला न विचारता मी कॉक फिरवला होता. आता छतवाल्यांच्या नावावर सगळं सहज खपलं असतं.

"मी केलं," मी म्हणाले.

काकांनी वरून पाहिलं. "मंग खाली काहून उभी हायेस? ये वर. जिनं कोंडला, तिनंच काढाचा."

मी चढले आणि कॉककडे हात नेला. त्यांनी मनगट धरलं. "आधी पंप बंद. फिरत्या पाण्यात हवा घावत नाही. तिले वर येऊ दे."

"पंप बंद करून खोली गार होते का?" व्यवस्थापक कळवळले.

"होते, साहेब. तुम्ही बालदी धरा."

व्यवस्थापकांनी खरंच धरली. काकांनी व्हेंटच्या तोंडाला सलाइनच्या नळीचा तुकडा बसवून दुसरं टोक बादलीतल्या पाण्यात सोडलं. पंप बंद करून दहा मिनिटं आम्ही तिघांनी हवा वर यायची वाट पाहिली. मग मी कॉक उघडला. बादली खदखदू लागली.

"थांबू नोको. अजून. अजून..."

बुडबुडे विरळ झाले, संपले. पंप चालू केला. माझ्या तळव्याखाली पाइप गार होत गेला, मग झोंबू लागला. पावणेदोनला पहिल्या रुग्णाला आत नेलं.

बारावी आजी डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आली, तेव्हा डॉक्टरबाई विचारत आल्या, "खोली एवढी गार कुणी केली?" काका लाखांदूरच्या बसने निघून गेले होते. घरी धानाची तयारी होती. मी शिडी लावली, छतातली नळी दाखवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. डॉक्टरबाई शाल ओढून ऐकत राहिल्या. खोलीत थंडी वाजत होती.